एकसष्टनंतर चौदा

२ मे १९९७, शुक्रवार
लोखंडी कपाटाचे खालचे तीन कप्पे आज पुन्हा उघडून पाहिले. माझी पुस्तकं साताऱ्याहून आली त्याच खोक्यांत अजून, खोकी पलंगाखाली, आणि कपाटात काय, तर शि.चे 'वज्रदल'चे अंक. हिंदी कॉमिक्स. एकशे बारा. नवरा एकोणतीस वर्षांचा घोडा, परदेशी कंपनीत इंजिनिअर, सकाळी टाय लावून जातो आणि घरी येऊन हे वाचतो. मुखपृष्ठावर लोखंडी अंगाचा एक बाप्या, त्याच्या खांद्यावर अर्ध्या कपड्यांतली बाई, मागे काहीतरी पेटलेलं. दोन बोटांनी धरला, ठेवला, हात साबणानं धुतले. नळाला पाणी नव्हतं. बादलीतलं घेतलं.

लग्नाला पाच महिने. दिल्ली म्हणून दिलं मला, निघालं गुडगाव. बिल्डरच्या रंगीत पत्रकात कारंजं होतं, त्या जागी डुकरं लोळतात. समोर चार मजले उभे राहून थांबलेत, खिडक्यांच्या जागी भोकं. जनरेटरचा धूर थेट स्वयंपाकघरात. वीट आलाय.

४ मे, रविवार
जेवताना विचारलं, "हे तुझं वज्रदल, सुरू कुठून करायचं असतं?" टोमणा होता. त्याला कळला नाही. घास हातात तसाच.
"एकसष्टपासून. एकसष्ट वाच, मग चौदा. मग हवं ते वाच."
"एकसष्टनंतर चौदा?"
"हं."
"एकपासून का नाही?"
"एकमध्ये काही नाही."
पाच महिन्यांत सलग एवढं बोलणं हे पहिलंच, आणि तेही ह्या विषयावर. बाकी वेळी 'हो', 'नको', 'उशीर होईल'. मी बी. लिब. पहिल्या वर्गात पास झालेली बाई. क्रम म्हणजे क्रम. एकसष्टनंतर बासष्ट येतो.

सासूबाई नागपुरात, त्यांच्या भाचीच्या बाळंतपणाला. निदान घरात दोन गप्प माणसं नाहीत, एकच आहे.

६ मे, मंगळ
मार्केटात मासिकं भाड्यानं देणाऱ्याला विचारलं. तो हसायलाच लागला. "नंबर वन से तो कोई नहीं करता भाभीजी. विशेषांक ले जाइए, उसमें सब मर जाते हैं." सगळे मरतात तर पुढे काय? "अगले में ज़िंदा." आणि यावर माणसं वीस वर्षं पैसे घालतात.

तरी नं. १ वाचला. चार जण एका गुहेत भेटतात. लोहकाय, हिमांगी, महाकर्ण, आणखी एक कोण तो. भेटल्याबरोबर एकमेकांना मारतात, मग शत्रू येतो, मग एकत्र शत्रूला मारतात. हिमांगी बर्फाच्या मुलखातली, आणि अंगावर रुमालाएवढं कापड. तिला तीन वाक्यं, त्यातलं एक 'आह'. कागद चिकट. कुणाच्या तरी वडापावाचा का कशाचा डाग पान नऊवर. दिल्लीत वडापाव नाही, मग ते काय होतं कुणास ठाऊक.

९ मे, शुक्र
बाबांनी पत्र पुढे पाठवलंय. साताऱ्याच्या कॉलेजचं. लग्नाआधी मुलाखत दिली होती ती जागा. ग्रंथपाल, कायम. आधीच्या बाई सोडून गेल्यात. उत्तर १८ जूनपर्यंत पोचलं पाहिजे. बाबांनी कोपऱ्यात लिहिलंय, 'तुम्ही दोघांनी ठरवा.'

दोघांनी. शि.ला सांगितलं तर 'हं' म्हणेल. सांगितलं नाही.

गेले तर परत येणं नाही, हे मला माहीत आहे आणि बाबांनाही. राहिले तर ह्या सेक्टरात कुजून जाईन. इथल्या शाळेत गेले होते मार्चमध्ये. लायब्ररी दाखवा म्हटलं, तर एक कुलूपबंद कपाट आणि वर टीव्ही.

१२ मे, सोम
ठरवलं. जायचं असो वा नसो, एक काम नीट करायचं. बाइंडिंग. आमच्याकडे दिवाळी अंकसुद्धा रेक्झिनमध्ये बांधून ठेवायचे. सुटे ठेवलेले अंक मला बघवत नाहीत. दहा-दहाचा खंड, पाठीवर सोनेरी आकडे. वरच्या एका कप्प्यात मावेल सगळं, मग माझी खोकी निघतील. निघाली नाहीत तरी.

दिवसभर यादी. दाखल क्रमांक, अंक क्रमांक, स्थिती, शेरा. वीज गेलेली, घाम टपटप वहीवर. बऱ्याच अंकांच्या कडेला पेन्सिलीचं गिचमिड, उभं-आडवं, चित्राला वळसा घालून, मुंगीएवढं. शि.चे लहानपणचे प्रताप. वाचायच्या फंदात पडले नाही. शेरा: 'समासात लिखाण, खराब.' हे वाक्य आज त्रेचाळीस वेळा लिहिलं.

१५ मे, गुरु
दर्यागंज. बसनं धौला कुआँ, तिथून दुसरी बस, जुन्या दिल्लीतल्या बाइंडरकडे. मांडीवर १ ते ५०. शेजारी बसलेल्या बाईनं मुखपृष्ठ पाहिलं आणि पदर सावरून सरकली. मला तिचा राग आला नाही, मीही सरकले असते.

बाइंडर म्हातारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. म्हणाला, "मैडम, कटिंग कितनी रखूँ? किनारे पे कुछ लिखा है."
मी म्हटलं, "सब साफ़. जितना गंदा है, पूरा काट दीजिए."
"पूरा?"
"बिल्कुल पूरा."

२४ मे, शनि
आणले. पाच खंड, तपकिरी रेक्झिन, कडा सुरीसारख्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी धड दिसलं. टेबलावर मांडून ठेवले. शि. कालच कंपनीच्या दौऱ्यावरून आलेला. एक खंड उचलला, दुसरा उचलला, चाळला. एका पानावर थांबला.
"कापलं?"
"बाइंडिंगला कापावंच लागतं. कडा खराब होत्या."
"छान झालंय," म्हणाला आणि बाल्कनीत गेला. तिथून समोरच्या त्या चार मजल्यांकडे बघत उभा. चहा गार झाला. कौतुकाचा शब्द म्हणजे एवढाच, तोही खाली बघून. गाढवापुढे वाचली गीता.

उरलेले बासष्ट पुढच्या गुरुवारी नेईन.

२७ मे, मंगळ
सासूबाई आल्या. हातपाय धुऊन, अण्णांच्या फोटोला नमस्कार, हार पुसला. (अण्णा म्हणजे सासरे. चार वर्षांपूर्वी गेले. हॉलमध्ये जो येईल तो म्हणतो, देवमाणूस. बाईकडे मान वर करून बघितलं नाही कधी, वगैरे.) मग कपाट उघडलं त्यांनी. मला वाटलं, चादर काढतायत. बाहेर आल्या नाहीत. जाऊन पाहिलं तर जमिनीवर बसलेल्या, मांडीवर दुसरा खंड, बोट पानाच्या कडेवर.
"हे कुणी केलं?"
"मी. नीट राहतील म्हणून."
"नीट," म्हणाल्या.
संध्याकाळी जेवल्या नाहीत. लेकाच्या खेळण्यांचा एवढा सोस! चिल्लरबिल्लर फाटलेले कागद ते.

३० मे, शुक्र


काल दर्यागंजला जायचं राहिलं, धुळीची आंधी आली. आज सासूबाई लिंबाच्या लोणच्याची बरणी भरत होत्या. बरणीवर चिठ्ठी चिकटवली, 'लिंबू, गोड, मे'. मुंगीएवढं अक्षर, ल ला खाली छोटी गाठ. मी ओट्याशीच उभी. ती गाठ मी अंकांच्या कडेला त्रेचाळीस वेळा पाहिलेली.

खोलीत जाऊन दार लावलं. ५१ उघडला. कडेला, हिमांगीच्या पायाशी, उभं लिहिलंय:
'ह्यांनी अंक चिमट्यानं उचलून जिन्यात टाकला. शिरूनं रडून परत आणला. बरं झालं. हात लावत नाहीत म्हणजे वाचत नाहीत.'

मीही दोन बोटांनी धरला होता.

१ जून, रवि
दोन दिवस वाचतेय. ५१ ते ११२. गोष्ट नाही वाचत, कडा वाचतेय. तारखा नाहीत, क्रम नाही. जो अंक घरात हाताशी असेल त्यात लिहिलंय. अंक ८८ मध्ये शि. पहिलीत आहे, अंक ५४ मध्ये नववीत.

तेव्हा दिल्लीत, गोल मार्केटचं सरकारी क्वार्टर. घरात येणारा प्रत्येक कागद अण्णा वाचायचे. वाण्याची यादीसुद्धा. सासूबाईंच्या माहेरची पत्रं आधी ते फोडायचे, मग मोठ्यानं वाचून दाखवायचे, मध्ये मध्ये हसत. सासूबाईंनी एकदा वही केली होती. ती सापडली. त्यातलं एकेक वाक्य पाहुण्यांसमोर वाचून दाखवलं. पुढे वही नाही.

अंक ७० मध्ये: 'आमटीत केस निघाला. ताट माझ्या डोक्यावर उपडं केलं. पाहुण्यांनी खाली बघितलं. मग सगळे जेवले.' शेजारी चित्रात लोहकाय जगाला वाचवतोय.

हॉलमध्ये गेले की तो फोटो. चंदनाचा हार. नमस्कार करताना आज हात जोडले गेले नाहीत, किळस आली. ह्या माणसाच्या पाया पडून मी ह्या घरात आले. आणि फोटोची किळस करून झाल्यावर आरशातल्या बाईचीही आली. अण्णांना अंकांना हात लावायची किळस वाटली म्हणून हे सगळं वीस वर्षं टिकलं. मी शिकलेली, मी यादी केली, शेरा लिहिला आणि पैसे देऊन कापून आणलं.

६१ सगळ्यात शेवटी उघडला. मुद्दाम ठेवला होता. शेवटच्या पानाच्या कडेला, वरपासून खालपर्यंत:
'शनिवारची गाडी. तिकिटं तूरडाळीच्या डब्यात. शिरूला सांगितलंय, आजीकडे जायचं. परत यायचं नाही हे सांगितलेलं नाही. कपडे दोनच जोड, नाहीतर कळेल. पुढचं जागा नाही म्हणून चौदात.'

चौदा पहिल्या पन्नासात. दुसरा खंड. पाहिला. कड कोरी, गुळगुळीत.

३ जून, मंगळ
शि.ला गाडीतच विचारलं, घरी नको म्हणून. एम.जी. रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.
"तुला माहीत होतं."
"हं."
"सांगायचं नाही का मला? मी बाइंडिंगला नेतेय—"
"मी टूरवर होतो. आल्यावर बघितलं."
"आधी. आधी का नाही सांगितलंस?"
गिअर बदलला. मग म्हणाला, "सांगितलं ना. एकसष्ट, मग चौदा."
मी रडले त्यावर. रागानं. हे काय सांगणं झालं?
तो म्हणाला, "तू पलंगाखालची खोकी उघडत नव्हतीस. मला वाटलं, जाणार ही. मला बोलता नाही येत यार, मीनल. म्हटलं, तू वाचणारी आहेस, वाचशील."
"चौदात काय होतं?"
"आईचं आहे ते. मी कसं सांगू?"
मग सिग्नल हिरवा झाला. कॉलेजच्या पत्राचं त्याला ठाऊक आहे, पोस्टमननं त्याच्याच हातात दिलं होतं. त्यानं फोडलं नाही, टेबलावर ठेवलं. हे आज कळलं.

५ जून, गुरु
दर्यागंज. बाइंडरला म्हटलं, कापलेल्या पट्ट्या. तो म्हणाला, "कतरन? वो तो हर हफ़्ते चली जाती है मैडम, रद्दी वाला ले जाता है." मागे दोन पोती होती. विचारलं, बघू का. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि स्टूल दिलं.

तास-दीड तास. लग्नपत्रिकांच्या कडा, कसल्या तरी गाइडच्या कडा, खळीत लडबडलेल्या, उंदराच्या लेंड्या. सगळ्या पट्ट्या सारख्या. एक निळी पट्टी मिळाली, वाटलं लोहकायचा दंड आहे. साबणाच्या जाहिरातीची निघाली. म्हातारा म्हणाला, "मैंने पूछा था मैडम." हो बाबा, विचारलं होतंस.

हाताचा खळीचा वास तीनदा धुऊनही जात नाही.

८ जून, रवि
शि. दूध आणतो म्हणून बाहेर गेला. दूध घरात होतं. सासूबाई गवार मोडत होत्या. ६१ त्यांच्यासमोर ठेवला.
"आई, मी वाचलं. हा, आणि एक्कावन्नपासूनचे सगळे. आधीचे पन्नास मी न वाचता कापून आणले. चूक झाली."
गवार मोडत राहिल्या.
"ते चिमट्यानं धरायचे, तू यंत्रात घातलंस. वाचलं कुणीच नाही."
"शिरीषनं वाचलं."
"त्यानं वाचू नये म्हणून तर बारीक लिहायची. वाचायला लागला तेव्हापासून त्याचं बोलणं कमी झालं. तो दोष माझ्याकडे लागतो."
सॉरी हा शब्द तोंडात येऊन गिळला, फार स्वस्त वाटला.
"तुम्ही गेला होतात का? त्या शनिवारी? गेलात तर परत का आलात?"
"चौदात लिहिलं होतं."
"चौदा आता नाही."
"नाही खरं."
मग गवारीची ताटली बाजूला ठेवली आणि विचारलं, "तू लिहितेस रोज. ती वही कुठे ठेवतेस?"
"फ्रिजवर."
"उघडी?"
"हो."
"शिरू वाचत नाही?"
"नाही. तुम्ही?"
"छे. त्यातून एक लिफाफा डोकावतोय, कॉलेजचा शिक्का दिसतो, तेवढा बघितला." फ्रिजकडे वळून पाहिलं त्यांनी. "फ्रिजवर," पुन्हा म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांचं नाक लाल झालं.

९ जून, सोम
उत्तर दोनदा लिहिलं. दोन्ही वेगळी. दोन्ही चांगल्या अक्षरात. दोन्हींची चीड आली.

शि.ला म्हटलं, तुझं मत काय? "तू जा" किंवा "तू थांब", एक काहीतरी बोल. तो भांडी पुसत होता. म्हणाला, "थांबावंस असं वाटतं. पण थांब म्हटलं की ते अण्णांसारखं ऐकू येतं मला." बी.ए.ला चार पेपर दिले असते एवढ्यात, इतका वेळ लागला त्याला हे म्हणायला. पण म्हणाला.

समोरच्या अर्धवट बिल्डिंगवर आज पाटी लावली, 'रेडी टू मूव्ह'. भोकं तशीच.

११ जून, बुध
पोस्टाला आठवडा धरायचा तर आज शेवटचा दिवस.

सकाळी सासूबाईंच्या पुढ्यात बसले. म्हटलं, आई, चौदात काय होतं ते तोंडानं सांगा. मला ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही.
"म्हणूनच आता सांगणार नाही."
"का?"
"माझं बघून लिहिशील. मी गेले असं कळलं तर जाशील, नाही गेले कळलं तर थांबशील. नाहीतर बरोबर उलटं करशील. कशालाच अर्थ नाही त्यात." पदरानं तोंड पुसलं. "आधी तुझं लिही, पेटीत टाकून ये. काय लिहिलंस ते मला सांगायचं नाही. आलीस की चौदा सांगते. सगळा सांगते, कापलेल्या ओळींसकट."
"आणि तुम्हाला जे आठवत नाही ते?"
"मला सगळं आठवतं. लिहीत होते ते आठवावं म्हणून नव्हे."

दोन्हींतलं एक फाडलं. दुसरं लिफाफ्यात. सेक्टर मार्केटपर्यंत चालत गेले, अकराचं ऊन, रस्त्यात पाइप टाकायला खणलेला खड्डा, त्यात गटाराचं पाणी, चपलेला लागलं. मासिकवाला हाक मारून म्हणाला, "भाभीजी, नया विशेषांक आया है, सब मर गए." टपालपेटीचं तोंड गंजलेलं, लिफाफा अर्ध्यात अडकला. बोटानं ढकलला. पडल्याचा आवाज आला.

आत काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. वही फ्रिजवर असते.

आल्यावर पाय धुतले. सासूबाई पंख्याखाली बसल्यात, दुसरा खंड मांडीवर, चौदा उघडलेला. कोऱ्या कडेवरून अंगठा वरून खाली नेतायत, मध्येच एका जागी थांबतायत. मला शेजारची जागा दाखवली.

जाते.